टेस्ट ड्राइव्हनंतर गोंधळ वाढला: जीएलसी, एक्स३, एक्ससी६० की कोडियाक?

पौडफाटा (धागाकर्ता)

नमस्कार. मागच्या दोन शनिवार-रविवारांत मी चार गाड्या चालवून पाहिल्या. शोरूममध्ये जाण्यापूर्वी माझे मत जेवढे स्पष्ट होते तेवढे आता राहिलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

घरात आम्ही पाच जण आहोत. मी, पत्नी, बारा व नऊ वर्षांची दोन मुले आणि माझी आई. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. शस्त्रक्रिया अद्याप झालेली नाही, पण ती फार दूर नाही असे डॉक्टर सांगतात. सध्याची सेडान अकरा वर्षांची झाली असून तिच्यात बसताना आई आधी पाठमोरी होते, मग स्वतःला अक्षरशः सोडून देते, आणि उतरताना दोघांनी हात द्यावा लागतो. नवी गाडी घेण्याचे खरे कारण हेच आहे. वर्षाचा वापर साधारण ७,००० किलोमीटर. त्यातले पाच हजार कोथरूड ते शिवाजीनगर आणि मुलांच्या शाळेचे, उरलेले वर्षातून तीन-चार वेळा ताम्हिणीतून कोकणात जाण्याचे.

मर्सिडीज जीएलसी २२० डी: आतली शांतता वाखाणण्यासारखी आहे. चाकांच्या आसांमधले अंतर २,८८८ मिलिमीटर असल्याने मागे पाय पसरायला भरपूर जागा मिळते. मात्र मागच्या मधल्या आसनापुढे जमिनीत जो उंचवटा आहे, त्याच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवूनच बसावे लागते. बीएमडब्ल्यू एक्स३ पेट्रोल: स्टिअरिंग हातात आल्यावर मी दहा वर्षांनी तरुण झालो, असे पत्नीने मागून सुनावले, तिच्या आवाजात कौतुक नव्हते. व्होल्वो एक्ससी६०: पुढची आसने चौघींत सर्वांत चांगली, यावर आमचे दोघांचे एकमत झाले. स्कोडा कोडियाक: ही खरे तर वेगळ्या गटातली, परंतु सात आसनी असून २०२५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची शोरूम किंमत ४६.८९ लाखांपासून सुरू होत होती, तर एक्स३ ची ७५.८० लाखांपासून. इतका फरक असताना ती न पाहणे हा गुन्हा ठरला असता.

अडचण अशी की चारही टेस्ट ड्राइव्ह बाणेर-बालेवाडीच्या गुळगुळीत रस्त्यावर, जेमतेम सहा-सात किलोमीटरच्या झाल्या. रस्ता त्यांचा, वेळ त्यांची, बोलणेही त्यांचेच. पंधरा मिनिटांत सगळ्याच गाड्या उत्तम वाटतात. आपल्यापैकी ज्यांनी या किंवा अशा गाड्या कुटुंबासाठी घेतल्या आहेत, त्यांनी काय पाहिले आणि काय पाहायचे राहून गेले, हे कृपया सांगावे.

ता. क. "इनोव्हा घ्या" हा सल्ला कितव्या प्रतिसादात येतो यावर माझी आणि पत्नीची पैज लागली आहे. तिने तिसरा सांगितला आहे, मी पाचवा.

नवखा_चालक

चारही गाड्या माझ्या ऐपतीबाहेरच्या असल्याने मी पूर्णपणे निःपक्षपाती आहे. एक्स३ घ्या.

मृदुला_का

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे गाड्यांविषयी नव्हे, आपल्या आईंच्या गुडघ्यांविषयी लिहिते.

एसयूव्ही उंच असते म्हणून ज्येष्ठांना सोयीची, हा समज अर्धाच खरा आहे. आसन फार खाली असले की उठताना गुडघ्यांवर भार येतो, आणि फार वर असले की एक पाय आत टाकून दुसऱ्या पायावर पूर्ण वजन पेलत चढावे लागते, जे दुखऱ्या गुडघ्याला अधिकच जड जाते. आसनाची गादी साधारण नितंबाच्या पातळीला असावी, म्हणजे टेकायचे, मग वळायचे आणि पाय आत घ्यायचे. घरात आई ज्या खुर्चीतून विनासायास उठतात तिची उंची टेपने मोजा, त्या उभ्या असताना कमरेपर्यंतची उंची मोजा, आणि गाडीचे आसन या दोहोंच्या मध्ये कोठे बसते ते पाहा. टेप खिशात घेऊन शोरूममध्ये जायला लाजू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे दाराखालची पट्टी. काही गाड्यांचे दार खालपर्यंत येऊन ही पट्टी झाकते, त्यामुळे पावसाळ्यात ती कोरडी आणि स्वच्छ राहते. काहींत ती उघडी असते. साडी नेसणारी बाई चिखलाने माखलेल्या उघड्या पट्टीवरून उतरली की पोटरीच्या उंचीवर काठाला एक आडवा तपकिरी पट्टा उमटतो. हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

तिसरी गोष्ट, मागचे दार किती अंशांत उघडते आणि चाकाच्या कमानीमुळे पाय ठेवायची जागा किती चिंचोळी होते. आणि आधारासाठी छताजवळ हँडल आहे का, तेही पाहा.

हिशेबनीस

भावनिक बाजू मृदुलाताईंनी सांभाळली आहे, मी आकडे सांभाळतो.

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील वीस लाखांवरच्या गाडीला एकरकमी वाहनकर पेट्रोलसाठी १३ टक्के आणि डिझेलसाठी १५ टक्के लागतो. कंपनीच्या नावावर घेतल्यास तो २० टक्के होतो, त्यामुळे "कंपनीच्या नावावर घ्या, करात वाचेल" असे सुचवणाऱ्या मित्राला हा आकडा आधी दाखवावा. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा वीस लाखांवरून तीस लाख झाली आहे, पण आपल्या गाड्या तेथवर जात नाहीत. पंचाहत्तर लाखांच्या गाडीवर पेट्रोलचा कर ९.७५ लाख, डिझेलचा ११.२५ लाख. म्हणजे दीड लाखाचा फरक पहिल्याच दिवशी.

आता तो वसूल कधी होतो ते पाहू. वर्षाला ७,००० किलोमीटर, पेट्रोल गाडी एकूण ८ चे अ‍ॅव्हरेज देते आणि डिझेल ११ चे, असे धरा. पेट्रोल लागेल ८७५ लिटर, डिझेल ६३६ लिटर. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये धरले तर वर्षाला सुमारे चौतीस हजारांची बचत होते. केवळ कराचा फरक भरून निघायला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. एवढ्या कमी वापरासाठी डिझेल घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

एक दिलासा मात्र आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के लागत होते; आता उपकर जाऊन सरसकट ४० टक्के आहे.

अण्णा_औंध

हायक्रॉस घ्या. हायब्रिड आहे, पुढच्या चाकांना ताकद जाते, त्यामुळे मधे उंचवट्याचे नाव नाही, आई सहज चढतील, मुले मागे झोपतील, आणि उरलेल्या पैशांत ताम्हिणीच्या पलीकडे घर बांधता येईल. मी इनोव्हा म्हटलेले नाही, हायक्रॉस म्हटले आहे, याची पैजकर्त्यांनी नोंद घ्यावी.

पौडफाटा

अण्णा, तिचे पूर्ण नाव इनोव्हा हायक्रॉस आहे. प्रतिसाद चौथा. पैज कोणीच जिंकले नाही.

मृदुलाताई, आपला प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "या बाई कधी तरी माझ्याबरोबर गाडीत बसल्या असाव्यात." घरची खुर्ची ४६ सेंटिमीटर निघाली.

गीअर_न्यूट्रल

हिशेबनीसांच्या हिशेबात एक गोष्ट राहिली, जी डिझेलच्या विरोधातच जाते. बीएस६ डिझेल गाडीत धुरातली काजळी पकडणारी जाळी असते. ती तापवून काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन काही वेळ एका लयीत, बऱ्यापैकी वेगात चालावे लागते. कोथरूड ते शिवाजीनगर या प्रवासात कर्वे रस्त्यावर इंजिन तापेपर्यंत डेक्कन येते. अशा वापरात जाळी भरत जाते आणि एके दिवशी डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग रविवारी सकाळी उगाचच द्रुतगती मार्गावर लोणावळ्यापर्यंत जाऊन यावे लागते. शिवाय अ‍ॅडब्लू, म्हणजे युरियाचे द्रावण, वेळोवेळी भरावे लागते. ते पूर्ण संपू दिले तर गाडी पुन्हा सुरूच होत नाही.

फिरस्ती

लोणावळ्याला जाऊन येणे ही तक्रार कधीपासून झाली?

चाकणवासी

गाडी कोठे तयार होते यावर येथे नेहमी चुकीचे लिहिले जाते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. जीएलसी आपल्या चाकणला जोडली जाते. मर्सिडीजने भारतात सुरुवात केली तीही पुण्यातच, १९९५ साली, पिंपरीला टेल्कोच्या आवारात; चाकणचा कारखाना नंतर २००९ मध्ये आला. एक्स३ चेन्नईची, एक्ससी६० बंगळुरूजवळच्या होसकोटेची, कोडियाक आणि ऑडी क्यू५ या दोन्ही छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्याच्या. लँड रोव्हरच्या काही गाड्या चिखलीत जोडल्या जातात, आणि २०२४ पासून थोरली रेंज रोव्हरसुद्धा. लेक्सस एनएक्स मात्र पूर्ण आयात होते.

याचा उपयोग एवढाच की सुट्या भागांतून येथे जोडलेल्या गाडीवर आयातशुल्क कमी पडते आणि किंमत आटोक्यात राहते. "चाकणला बनते, म्हणजे आरसा फुटला तर दुसऱ्या दिवशी मिळेल" असे कोणी समजू नये. कारखान्याची जोडणी-साखळी आणि सर्व्हिस सेंटरचे सुटे भाग यांचे गोदाम, नोंदी आणि वाहतूक सर्व वेगळे असते. माझ्या खिडकीतून ज्या कारखान्याचे दिवे दिसतात, त्याच कंपनीच्या गाडीच्या मागच्या दिव्यासाठी माझा शेजारी तीन आठवडे थांबला आहे.

खंबाटकी

टेस्ट ड्राइव्हमध्ये जी वस्तू कोणीही पाहत नाही ती म्हणजे स्टेपनी. मी कोणत्या कंपनीची गाडी घेतली ते लिहीत नाही, कारण दोष माझाही तितकाच होता. तिला रन-फ्लॅट टायर होते आणि स्टेपनी नव्हती. रन-फ्लॅट म्हणजे हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर चालवता येतो, हे मला पाठ होते. मात्र खंबाटकी उतरल्यावर रस्त्याच्या कामाच्या कडेला जी लोखंडी सळई उभी होती, तिला हे पाठ नव्हते. टायरची बाजूची भिंत उभी चिरली गेली. त्या मापाचा टायर साताऱ्यात नव्हता, पुण्यात एक होता तो वेगळ्या बनावटीचा, आणि माझा यायला चार दिवस लागले. चार दिवस गाडी एका ढाब्याच्या आवारात उभी होती आणि ढाब्याचे मालक येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतःची असल्यासारखी दाखवत होते.

त्यामुळे टायरचे माप वाचायला शिका. २५५/४५ आर २० म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे ११५ मिलिमीटर. २३५/६० आर १८ मध्ये हीच उंची १४१ मिलिमीटर येते. बोटभर जास्त रबर. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा रिम आणि दगड यांच्यामध्ये तेवढेच रबर असते. मोठी चाके फोटोत छान दिसतात, पुण्याच्या पावसाळ्यात लहान चाके छान दिसतात.

तळघर_क्र_३

आपली सोसायटी जुनी आहे की नवी? नवी असेल आणि यांत्रिक पार्किंग असेल, म्हणजे खाली-वर सरकणाऱ्या ट्रेंवर गाड्या उभ्या राहत असतील, तर गाडी पाहण्याआधी पार्किंगच्या खांबावरची पाटी पाहा. आमच्याकडे खालच्या खड्ड्यातल्या ट्रेवर उंचीची मर्यादा १.५५ मीटर आणि वजनाची २,००० किलो अशी लिहिलेली आहे. आपण नोंदवलेल्या चारही गाड्यांची उंची १.६० मीटरच्या वर आहे, म्हणजे खालचा ट्रे बाद. वरच्या ट्रेवर उंचीचा प्रश्न नाही, पण डिझेल जीएलसीचे रिकामे वजन दोन टनांच्या अगदी काठावर आहे. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी गाडी आणली, पेढे वाटले, आणि त्यानंतर चौदा महिने ती रस्त्यावर उभी राहिली.

पौडफाटा

हे डोक्यातही आले नव्हते. आत्ताच खाली जाऊन आलो. पाटीवर धूळ होती, पुसल्यावर "कमाल वजन २००० कि.ग्रॅ." असे निघाले. आमचा ट्रे वरचा आहे, त्यामुळे उंचीचा प्रश्न नाही. मात्र ट्रेच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी कडांमधले अंतर मोजले तेव्हा पोटात गोळा आला. आत्ताची सेडान पत्नी त्यात बिनधास्त चढवते. माझ्याकडून दोनदा रिम घासली आहे.

मृदुला_का

थांबा. वहिनी गाडी चालवतात?

पौडफाटा

हो. खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा जास्त. शाळा, बाजार, आईचे दवाखाने हे सर्व तीच करते. मी दूरचा प्रवास असेल तेव्हा चालवतो.

मृदुला_का

आणि चारही टेस्ट ड्राइव्हमध्ये त्या मागे बसल्या होत्या.

नवखा_चालक

धागाकर्ते, आता एक्स३ विसरा.

हिशेबनीस

वर्षाच्या सातापैकी पाच हजार किलोमीटर ज्यांच्या हातून होणार आहेत त्यांनी गाडी चालवलेली नाही, ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची आहे त्या घरीच आहेत, आणि जे दोन हजार किलोमीटर चालवणार आहेत त्यांचे मत आपण येथे चाळीस ओळींत वाचले. आकडे माझ्याकडे होते, तरी हे माझ्या लक्षात आले नाही.

सहा_आसनी

मुलांविषयी कोणीच लिहिलेले नाही. मागच्या मधल्या आसनावर आपल्याकडे नऊ वर्षांचे मूल बसणार. जीएलसी, एक्स३ आणि क्यू५ या तिघींत इंजिन उभे बसवलेले असते आणि मागच्या चाकांकडे जाणारा दांडा मधून जातो, म्हणून तो उंचवटा येतो. एक्ससी६० मध्ये इंजिन आडवे आहे, तरीही मधला बोगदा मोठा आहे, कारण त्याच सांगाड्यावर बनणाऱ्या प्लग-इन हायब्रिडची बॅटरी तेथेच बसवतात. लेक्सस एनएक्स ३५० एच मध्ये मागच्या चाकांसाठी स्वतंत्र विद्युत मोटर आहे, मधून दांडा जातच नाही. कोडियाकमध्ये दांडा आहे, पण मधली रांग पुढे-मागे सरकते आणि पाठ कलते. मुले भांडू लागली की तिसरी रांग उघडून एकाला मागे पाठवता येते. हा उपयोग कंपनीने जाहिरातीत का सांगितला नाही, हे मला न उलगडलेले कोडे आहे. तिसरी रांग उभी असताना डिकीत मात्र दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही.

आणि मधला पट्टा तीन बिंदूंचाच असावा. असा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलीन या अभियंत्याने १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांसाठी खुले ठेवले. मागे पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे, तरी लग्नाला जाताना साडी चुरगळते म्हणून तो काढणारे आपणच.

वेताळ_टेकडी

एक मूलभूत शंका. एवढी जागा, एवढी शांतता, एवढे पट्टे, हे सर्व ताशी सरासरी अठरा किलोमीटर वेगाने जाण्यासाठी? आमच्या टेकडीवर एआरएआयची इमारत आहे. तेथे गाडी रोलरवर ठेवून प्रयोगशाळेत चालवतात आणि लिटरला किती किलोमीटर जाते ते ठरवतात. त्या रोलरवर पौड फाट्याचा सिग्नल नसतो.

मी विद्युत गाडी सुचवतो. बीएमडब्ल्यूची आयएक्स१ लाँग व्हीलबेस, चेन्नईत जोडली जाते, जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आली. आसांमधले अंतर २,८०० मिलिमीटर, बॅटरी ६६.४ किलोवॅट-तास. कागदावरची रेंज ५३१ किलोमीटर. मी निम्म्याहून थोडी अधिक धरून चालतो. जीएसटी ५ टक्के आणि द्रुतगती मार्गावर पथकर माफ. शहरातल्या थांबत-थांबत जाण्यात तिच्याइतकी योग्य गाडी नाही आणि जाळी भरण्याचा प्रश्नच नाही.

गीअर_न्यूट्रल

शहरासाठी पूर्ण सहमत. परंतु यांत्रिक पार्किंगच्या वरच्या ट्रेवर चार्जरची वायर कशी नेणार? ट्रे खाली-वर सरकतो. आमच्या सोसायटीत या एका प्रश्नावर तीन सर्वसाधारण सभा झाल्या आणि तिसरीत चहा संपला म्हणून सभा तहकूब झाली.

फिरस्ती

ताम्हिणीविषयी थोडे. ज्यांना गाडी लागते अशी मुले असतील, तर गाडी किती वेगाने वळते यापेक्षा वळताना किती डोलते आणि ब्रेक सोडल्यावर किती झटका देते हे महत्त्वाचे. माझी मुलगी मागच्या एका गाडीत मुळशी येण्याच्या आतच पिशवी मागत असे. आत्ताच्या गाडीत विळे भागाडला उतरेपर्यंत गप्पा मारते. दोन्हीत चालक मीच. पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे कपधारकात पाण्याने तीन-चतुर्थांश भरलेला उघडा पेला ठेवा आणि चांदणी चौकातून भूगावकडे नेहमीसारखी गाडी चालवा. सांडले की समजा. शोरूमचा माणूस पेल्याकडे पाहून नाराज होईल, ते चालेल.

अण्णा_औंध

पडद्यांविषयीही बोला. माझे वय एकाहत्तर. एसी कमी करण्यासाठी पडद्यावर बोट ठेवायचे, तेवढ्यात खड्डा येतो आणि बोट भलतीकडे जाऊन आसन तापू लागते. मे महिन्यात. एकाने मला पटवले की आवाजी आज्ञा द्या. मी मराठीत सांगितले, तिने मला नागपूरचा रस्ता दाखवला.

सहा_आसनी

अण्णांशी प्रथमच सहमत आहे. कोडियाकमध्ये पडद्याखाली तीन गोल फिरवायची बटणे आहेत, एनएक्समध्ये तापमानासाठी दोन. बाकीच्यांत बहुतेक सर्व पडद्यातच.

पौडफाटा

सर्वांचे आभार. काल दुसरी फेरी झाली. या वेळी मी दोन अटी घातल्या: गाडी आमच्या घरी आणायची आणि रस्ता आम्ही ठरवणार. चार शोरूमपैकी तिघांनी मान्य केले. चौथ्यांनी "धोरणात बसत नाही" असे कळवले. ती गाडी आपोआप यादीतून गेली. ती कोणती हे लिहीत नाही.

आई साडीत, टेप माझ्या खिशात, पाण्याचा पेला मुलाच्या हातात. पहिल्या गाडीच्या मागच्या दारात आईने पाय ठेवला, कमानीमुळे टाच अडली, ती परत खाली आली. दुसरीत चढली, पण उतरताना काठाला तो आडवा तपकिरी पट्टा उमटला. मृदुलाताई, अगदी पोटरीच्या उंचीवर. तिसऱ्या गाडीजवळ आल्यावर तिने मागचे दार उघडू दिलेच नाही. म्हणाली, "मला सारखे मागे का बसवता? पुढे बसते की. पुढून रस्ता दिसतो." सेडानमध्येही ती पुढे बसू शकली असती, आम्हीच सन्मान म्हणून मागे बसवत होतो. पुढचे आसन बटण दाबून मागे आणि खाली घेतले, ती टेकली, वळली, पाय आत घेतले, मग आसन वर केले. कोणाचा हात लागला नाही. अकरा वर्षांत तिला हे कोणी विचारले नव्हते, आणि एक महिनाभर मी मागच्या आसनाची जागा मिलिमीटरमध्ये मोजत होतो.

त्यानंतर पत्नीने तिन्ही गाड्या चालवल्या. पौड रस्ता, चांदणी चौक, भूगाव आणि परत. पेला दोन गाड्यांत थोडा सांडला, एकीत जास्त. मग तिने जे केले ते मला सुचले नसते. प्रत्येक गाडी सोसायटीच्या उतारावरून खाली ट्रेपर्यंत नेली. शोरूमचा मुलगा डोळे मिटून उभा होता. एक गाडी तिने दोनदा मागे घेऊन चढवली, एक चढवण्याआधीच नको म्हणाली, कोडियाक पहिल्या खेपेत बसली. वजनाच्या मर्यादेतही ती आरामात बसते. आता मागे मी आणि मुले बसणार असे दिसते.

आज सकाळी कोडियाक नोंदवली. पेट्रोल.

नवखा_चालक

ऐंशी लाखांचा धागा निम्म्यात आटपला. मला वाचक म्हणून फसवले गेल्यासारखे वाटते.

गीअर_न्यूट्रल

अभिनंदन. माझे मत थोडे वेगळे आहे, तेही नोंदवतो. द्रुतगती मार्गावर रात्री चारशे किलोमीटर सलग चालवण्याची वेळ आली असती, तर जीएलसी किंवा एक्ससी६० ची शांतता त्या किमतीची वाटली असती. सहाव्या तासाला खांदे किती दुखतात यात तो फरक आहे आणि तो कोणत्याही पेल्यात दिसत नाही. मात्र आपल्या वापरात तो सहावा तास वर्षातून एकदाही येत नाही, त्यामुळे वाद घालत नाही.

हिशेबनीस

बाजारात आली तेव्हाची ४६.८९ लाखांची किंमत धरली तर १३ टक्के म्हणजे सुमारे ६ लाख १० हजारांचा वाहनकर. वर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेता आपल्याकडून आगाऊ घेतो तो प्राप्तिकर; तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, विसरू नका.

अण्णा_औंध

हायक्रॉसमध्येही पुढचे आसन चांगले आहे. केवळ माहितीसाठी.

खंबाटकी

स्टेपनी पाहिली का?

पौडफाटा

पाहिली. डिकीची फळी उचलून, हात काळे करून पाहिली. अरुंद चाकाची आहे, ताशी ऐंशीच्या आत चालवायची असे तिच्यावरच पिवळ्या पट्टीत छापले आहे. जॅक कोठे आहे ते मात्र शोरूमच्या मुलालाही सापडेना. शेवटी आईने पुढच्या आसनावर बसल्या बसल्या पुस्तिकेतून पान काढून दिले.